गाडीचं दुखणं : सीएनजीवर झकास, पेट्रोलवर मिसिंग

प्रश्न : माझी २०१७ची एक लिटरची तीन सिलिंडर गाडी आहे, कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली. ९२ हजार किलोमीटर झालेत. सीएनजीवर झकास चालते. पण सकाळी पेट्रोलवर सुरू होते तेव्हा सीएनजीला जाईपर्यंत थरथरते, स्टेअरिंगसुद्धा हलतं. मागच्या महिन्यात आंबोली घाटात सीएनजी संपला आणि पेट्रोलवर गाडीने इतके झटके मारले की मुलं घाबरली. चेक लाइट लुकलुकत होता. गॅरेजमध्ये तिन्ही प्लग आणि एक कॉइल बदलली, थ्रॉटल बॉडी साफ केली. काही फरक नाही. आता म्हणतात ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलंय. आकडा ऐकून गाडीच विकावी असं वाटायला लागलंय. सीएनजी परवडतो म्हणून पेट्रोल मी रिझर्व्हपुरतंच ठेवतो. काय करू?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : दादा, गाडी विकू नका आणि ईसीएमला एवढ्यात कुणाला हात लावू देऊ नका. तुमच्या पत्रातल्या पहिल्या चार ओळींतच निम्मं निदान झालेलं आहे. ते तुमच्या गॅरेजवाल्याने वाचलं असतं तर प्लग आणि कॉइलचे पैसे वाचले असते.

इंजिनला चालायला हवा लागते, इंधन लागतं, ठिणगी लागते आणि कॉम्प्रेशन लागतं. पेट्रोलवरून सीएनजीवर गेलात की यातलं फक्त इंधन बदलतं. प्लग तेच, कॉइल त्याच, व्हॉल्व्ह-पिस्टन तेच, हवा त्याच थ्रॉटलमधून येते. म्हणजे सीएनजीवर गाडी गुळगुळीत चालत असेल तर बाकीचं सगळं ठीक आहे, हे गाडी स्वतःच सांगतेय. त्यात आणखी एक गोष्ट. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा दमदार ठिणगी लागते. प्लग किंवा कॉइल अशक्त झाली की गाडी आधी सीएनजीवर कुरकुर करते, पेट्रोलवर बराच काळ चालवून नेते. तुमचं नेमकं उलट आहे. त्यामुळे प्लग-कॉइलवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. दोष पेट्रोलच्या बाजूला आहे : टाकीतली पेट्रोल ढकलणारी मोटर, फिल्टर, पाइप, इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा मारणारा भाग) किंवा इंजेक्टरपर्यंत जाणारी वायर.

उद्यमनगरात आमच्या गॅरेजमध्ये सीएनजीची गाडी मिसिंगसाठी (एखादं सिलिंडर नीट पेटत नाही म्हणून) आली की बॉनेट उघडायच्या आधी मी हेच करते. इंजिन गरम होऊ देते, गाडी न्यूट्रलला उभी ठेवते आणि इंधनाचं बटण पेट्रोलवरून सीएनजीवर, परत पेट्रोलवर असं फिरवून आरपीएमचा काटा बघते. हे तुम्हाला घरी अंगणात करता येईल. पेट्रोलवर काटा नाचला आणि सीएनजीवर स्थिर राहिला, तर गॅरेजमध्ये पाऊल टाकताच हे सांगा. दोन्हींवर नाचला तर प्रकरण वेगळं. मग प्लग, कॉइल, हवेची गळती, कॉम्प्रेशन हे सगळं बघावं लागेल.

आता पुढचं काम स्कॅनरचं. स्कॅनर लावा, पण फक्त कोड वाचून थांबू नका. 'पी-०३०२' आला तर दोन नंबरचं सिलिंडर मिसिंग करतंय. 'पी-०३००' आला तर मिसिंग ठरावीक एका सिलिंडरचं नाही, फिरतं आहे. हा फरक मोठा आहे. दर वेळी एकाच सिलिंडरचं नाव येत असेल तर माझा संशय त्या सिलिंडरच्या इंजेक्टरवर जाईल. नावं बदलत असतील, चढावर तिन्ही सिलिंडर एकदम दम सोडत असतील, तर टाकीतली मोटर किंवा फिल्टर पुरेसा दाब देत नाहीये. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर बसलं तर गाडीची एक तृतीयांश ताकद जाते. आंबोलीच्या चढाला जे झालं ते बहुधा त्यामुळेच.

कोडबरोबर फ्युएल ट्रिमचे आकडे बघायला सांगा. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजतो आणि त्यावरून ईसीएम पेट्रोल कमी-जास्त करतं. ती कमी-जास्त म्हणजे ट्रिम. शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडेतिकडे, हे ठीक. आकडा अधिक दहाच्या वर जाऊन बसला की ईसीएमला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतंय. आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) आकडा मोठा आणि अडीच हजार आरपीएमला उतरत असेल तर कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय, एखादा व्हॅक्यूम पाइप फाटलाय. उलट, आयडलला बरा आणि रेस केली, लोड आला की चढत असेल तर पुरवठा अपुरा आहे. एक इंजेक्टर तुंबलेला असला की आणखी एक गंमतीदार वाटणारी पण खर्चिक गोष्ट घडते. त्या सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन बाहेर येतो, सेन्सरला वाटतं सगळीकडेच पेट्रोल कमी आहे, आणि ईसीएम तिन्ही सिलिंडरना जास्त पेट्रोल द्यायला लागतं. म्हणजे एक उपाशी आणि दोन अजीर्ण झालेले. ॲव्हरेज पडतं, मागे पेट्रोलचा वास येतो.

एक सूचना : ट्रिमचा आकडा बघताना ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) लक्षात ठेवा. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त टाकावं लागतं. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुळवलेल्या गाडीत वीस टक्क्यांचं भरलं तर ट्रिम चारेक टक्के आपसूक वर सरकते. २०१७च्या गाडीत तेवढी वाढ म्हणजे बिघाड नाही. पंधरा-वीस दिसली तर आहे.

मग दाब मोजायचा. तुमच्यासारख्या साध्या मल्टिपॉइंट (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत पेट्रोलचा दाब बहुधा ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. गेज लाइनमध्ये जोडून चावी ऑन केल्यावर दाब किती, आयडलला किती, जोरात रेस दिल्यावर पडतो का, आणि इंजिन बंद केल्यावर टिकतो का, हे चारही बघायचे. रेसला पडला तर मोटर किंवा फिल्टर. बंद केल्यावर भराभर उतरला तर मोटरचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) तरी गळतोय नाहीतर एखादा इंजेक्टर थेंब सोडतोय. हे काम घरी करू नका. लाइनमध्ये दाबाखालचं पेट्रोल असतं आणि खाली तापलेला एक्झॉस्ट. आधी दाब उतरवायचा, जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवायचं, मग पाइप सोडायचा.

दाब कमी निघाला तरी लगेच नवी मोटर घेऊ नका. मोटरच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजायला सांगा, मोटर चालू असताना. मागची सीट उचलली की टाकीचं झाकण दिसतं, त्यावर प्लॅस्टिकचं सॉकेट असतं. ते काढून पिना बघा. परवाच एक गाडी आली होती, नवी मोटर टाकूनही चढावर बसणारी. सॉकेटची एक पिन काळी पडलेली, बाजूचं प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालेलं. बॅटरीला साडेतेरा व्होल्ट आणि मोटरला जेमतेम दहा. इतक्या कमी व्होल्टेजवर मोटर फिरते, आवाजही देते, पण दाब देत नाही. सॉकेट बदललं, गाडी धावायला लागली. जुनी मोटर बहुधा चांगलीच होती.

पण तुमच्या पत्रावरून मी पैज इंजेक्टरवर लावेन, आणि त्याचं कारण तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिलंय : पेट्रोल रिझर्व्हपुरतं. सीएनजीवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात. त्यांची टोकं तापलेल्या हेडशेजारी बसलेली, आतून पेट्रोल वाहत नाही म्हणून थंडावा नाही. टोकाशी उरलेलं थोडंसं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. रोज थोडा थोडा. त्या टोकाची भोकं इतकी बारीक असतात की केसभर थरानेही फवारा बिघडतो. शिवाय टाकीतलं तेच पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं, त्यातला पटकन पेट घेणारा हलका भाग उडून जातो, म्हणून सकाळचा त्रास जास्त. अर्ध्याहून रिकाम्या टाकीत पावसाळ्यात दमट हवा भरलेली असते, आणि इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. मोटरसुद्धा पेट्रोलमध्ये बुडालेली असली तरच थंड राहते.

खात्री करायला आधी कान लावा. इंजिन पेट्रोलवर आयडलला असताना लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर आणि मूठ कानापाशी. बाही आणि ओढणी बेल्टपासून दूर. चालू इंजेक्टर टिक-टिक-टिक असा कोरडा, नियमित आवाज देतो. तिघांचा आवाज सारखा हवा. एक मुका असेल तर त्याचं सॉकेट काढून त्यात टेस्ट लॅम्प लावायचा, छोटा एलईडीचा मिळतो. दिवा लुकलुकला म्हणजे ईसीएम आपलं काम चोख करतंय आणि तुमचा मोठा खर्च टळला. दिवा लागलाच नाही तर वायर तपासा, उंदरांनी कुरतडलेली असते. बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत इंजेक्टरच्या वायरी कापून किटच्या जोडणीतून फिरवलेल्या असतात, तो जोड सैल झाला तरी अगदी अशीच लक्षणं दिसतात. इंजेक्टरचा रेझिस्टन्सही मोजा. अशा गाड्यांत साधारण १२ ते १६ ओहम येतो आणि तिघांचा जवळपास सारखा यायला हवा.

टिक-टिक आहे, दिवा लुकलुकतोय, तरी दोन नंबर मिसिंग करतोय, असं असेल तर इंजेक्टर रेलसकट काढून दोनचा एकला आणि एकचा दोनला लावायचा. कोड 'पी-०३०१' झाला, म्हणजे दोष इंजेक्टरबरोबर सरकला, की पुरावा हातात आला. त्यानंतर तिन्ही इंजेक्टर टेस्ट बेंचवर. काचेच्या नळ्यांत तिघांचं पेट्रोल सारख्या उंचीला येतं का आणि फवारा शंकूसारखा धुक्याचा पडतो की पिचकारीसारखी एकच धार, हे तुम्ही स्वतः उभं राहून बघा. दाखवायला नाही म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका. अल्ट्रासॉनिकमध्ये साफ केल्यावर परत नळ्यांत लावून दाखवायला सांगा. बहुतेक इंजेक्टर यात सुधारतात. नाही सुधारला तो एकच नवा घ्या. ओ-रिंग मात्र तिन्हींच्या नव्याच. जुन्या कडक झालेल्या रिंगवर इंजेक्टर परत बसवला तर पेट्रोल गळून आग लागू शकते.

काम झाल्यावर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा, पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका आणि आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा. ते पैसे वाया जात नाहीत. आणि चेक लाइट नुसता लागलेला असणं वेगळं, लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे पेटत असतं, आणि कन्व्हर्टर आतून वितळतो. तो इंजेक्टरपेक्षा कितीतरी महाग. परत असं झालं तर रेस कमी करा, सुरक्षित जागा बघून थांबा.

प्रश्न : २०१५ची चार सिलिंडर पेट्रोल गाडी. टाकी फुल केली की पंपावरच सुरू व्हायला त्रास देते. स्टार्टर लांबवर मारावा लागतो, सुरू झाली की दोन मिनिटं थरथरते, पेट्रोलचा वास येतो, मग जणू काही झालंच नाही. पाचशेचं भरलं तर काहीच होत नाही. मेकॅनिक पेट्रोल मोटर बदलायला सांगतोय.
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : ताई, मोटर बदलू नका. फुल टाकीशी जोडलेला त्रास हा बहुतेक वेळा पर्ज व्हॉल्व्हचा असतो.

टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत सुटू नये म्हणून ती कोळशाने भरलेल्या एका डब्यात साठवतात. इंजिन नीट चालू लागलं की ईसीएम एक छोटा विजेवरचा व्हॉल्व्ह उघडून ती वाफ थोडी थोडी इंजिनात ओढून जाळतं. हा व्हॉल्व्ह इंजिन बंद असताना घट्ट मिटलेला हवा. तुमचा उघडाच राहत असावा. टाकी भरताना आतली सगळी वाफ बाहेर ढकलली जाते, डब्यातून सरळ इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये जाऊन बसते, आणि तुम्ही चावी मारता तेव्हा इंजिन पेट्रोलच्या वाफेने गुदमरलेलं असतं. पुढच्या वेळी असं झालं तर ॲक्सिलरेटर थोडा दाबून स्टार्टर मारा. जादा हवा मिळाली आणि गाडी लवकर उचलली तर माझा अंदाज बरोबर.

तपासणी पाच मिनिटांची आहे. इंजिन आयडलला ठेवून व्हॉल्व्हचं विजेचं सॉकेट काढायचं, मग डब्याकडून येणारा पाइप काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवायचं. वीज नसताना तिथे ओढ लागता कामा नये. लागली तर व्हॉल्व्ह गेला. बहुतेक गाड्यांत एक-दोन बोल्ट, दोन पाइप आणि एक सॉकेट, एवढंच काम असतं.

आणि नोझलने स्वतःहून कट मारला की तिथेच थांबायचं. राउंड फिगर करायला पंपावरची मुलं पुढे आणखी घुटक-घुटक भरतात, ते पातळ पेट्रोल त्या कोळशाच्या डब्यात जातं. डबा एकदा भिजला की नुसता व्हॉल्व्ह बदलून भागत नाही. तेवढं पंपावर स्पष्ट सांगा, सुट्ट्या पैशांचा प्रश्न असेल तर डिजिटल द्या.

प्रश्न : डाळिंबाची वाहतूक करतो. २०१४ची डिझेल पिकअप, कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून दाबाचं डिझेल). सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, सुरू झाली की पांढरा धूर आणि टकटक, गरम झाली की ठीक. चारही नोझल (डिझेलचे इंजेक्टर) बदला म्हणतात. वर्षाची कमाई त्यात जाईल.
– एक शेतकरी, पंढरपूर तालुका

उत्तर : भाऊ, चारही एकदम खराब व्हायचा योग क्वचितच येतो. पहिल्यांदा फिल्टरच्या तळाचा बोल्ट सोडून काचेच्या बाटलीत डिझेल काढा आणि अर्धा तास ठेवा. खाली पाणी बसलं तर टाकी आणि फिल्टर साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नवे नोझलही त्याच पाण्याने जातील. मग फिल्टरनंतर पारदर्शक पाइपचा तुकडा टाकून बघा. बुडबुडे दिसले तर वाटेत कुठेतरी हवा ओढली जातेय, रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी स्टार्टर लांबतो. हा दोष एका क्लिपचाही असू शकतो.

हे दोन्ही ठीक निघालं तर डिझेल लॅबमध्ये रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही नोझलच्या रिटर्न पाइपला एकेक बाटली लावतात आणि इंजिन काही मिनिटं चालवतात. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरते तो आतून झिजलाय, दाब तिथून पळून जातो. सकाळी स्टार्टर मारताना रेलचा दाब साधारण २०० बारच्या आसपास चढल्याशिवाय ईसीएम नोझल उघडतच नाही, म्हणून एकटा गळका नोझलही गाडी अडवून धरतो. बदलायचा तो एकच, आणि त्याच्या अंगावरचा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये लिहून घ्यायचा. कोड न लिहिता नुसता बसवला तर टकटक राहते आणि लोक नव्या नोझललाच दोष देतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. जुन्या पंप-नोझलच्या गाडीत चालू इंजिनवर एकेका नोझलचा पाइप ढिला करून मिसिंगचं सिलिंडर शोधायचे. माझे वडीलही तसंच करायचे. कॉमन रेलमध्ये हे कुणी करू लागला तर हात धरून थांबवा. आयडललाच अडीचशे-तीनशे बार दाब असतो, रेस दिली की हजाराच्या पुढे. सुईएवढी धार कातडीतून आत शिरते, वर नुसता ठिपका दिसतो, आणि आतून बोट किंवा हात सडायला लागतो. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या आणि डिझेल दाबाने आत गेलंय असं डॉक्टरांना सांगा. कुठलं सिलिंडर काम करत नाही हे स्कॅनरवर एकेक नोझल बंद करून समजतं, पाना लागत नाही.

प्रश्न : पेट्रोलमध्ये टाकायच्या इंजेक्टर क्लीनरच्या बाटलीने मिसिंग जाते का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : थर कोवळा असेल, गाडी आयडलला किंचितच थरथरत असेल आणि कोड आलेला नसेल तर एखादी बाटली टाकून बघायला हरकत नाही, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच, आणि ती टाकी सलग चालवून संपवा. दाब कमी असेल, इंजेक्टर मुका असेल, वायर तुटली असेल तर बाटलीचा उपयोग नाही. पेट्रोल भरल्यानंतर अचानक मिसिंग सुरू झालं असेल तर बाटली घेण्याआधी त्याच पंपावर जा. फिल्टर पेपर आणि घनतेची तपासणी मागायचा तुमचा हक्क आहे, त्याचे पैसे लागत नाहीत. बिल जपून ठेवा आणि टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून घ्या. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की ते इथेनॉललाही सोबत घेऊन तळाशी बसतं आणि बाटलीत दोन थर वेगळे दिसतात. तसं दिसलं तर गाडी सुरूच करू नका, टोचन लावून आणा आणि टाकी उतरवून रिकामी करून घ्या.